मूल ज्ञान स्वतः रचते, म्हणून शिक्षकाने गप्प बसायचे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या शिक्षणविषयक पानावर वर्गातील अध्यापनाबद्दल जे लेख येत आहेत, ते मी नेमाने वाचते आहे. परीक्षांच्या निकालापलीकडे जाऊन शिक्षणाला वृत्तपत्रात जागा मिळते आहे, याचे समाधान आहे. मात्र या लेखांत एक वाटणी वारंवार दिसते. एका बाजूला 'जुनी' पद्धत, म्हणजे फळ्यापाशी उभा शिक्षक, ऐकणारी मुले, पाढे, सराव आणि घोकंपट्टी. दुसऱ्या बाजूला 'नवी' पद्धत, म्हणजे गटांत बसलेली मुले, केवळ सुलभक (म्हणजे शिकण्याला साहाय्य करणारा) झालेला शिक्षक आणि मुलांनी स्वतः शोधायचे ज्ञान. पहिलीला वर्तनवाद म्हणायचे, दुसरीला ज्ञानरचनावाद, आणि एखादी शाळा पहिलीकडून दुसरीकडे किती सरकली यावरून तिची प्रगती ठरवायची. चोवीस वर्षे गणित शिकवणारी शिक्षिका म्हणून या वाटणीला माझी हरकत आहे, आणि ती जुन्या पद्धतीवरच्या प्रेमापोटी नाही. मूल कसे शिकते याविषयीचा सिद्धांत ही एक गोष्ट आणि शिक्षकाने तासाला काय करावे ही दुसरी. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी माझीच फजिती सांगते. भिन्नच्छेद (म्हणजे वेगवेगळे छेद असलेल्या) अपूर्णांकांची बेरीज एका वर्षी मी पूर्णपणे शोधातून शिकवायची ठरवली. रंगीत कागदाच्या पट्ट्या, कात्र्या, चार-चार जणांचे गट. १/२ आणि १/३ यांची बेरीज गटाने शोधायची आणि मी काहीही सांगायचे नाही. तास रंगला. कातरकाम झाले, चिकटवाचिकटवी झाली, वादावादी आणि हशाही झाला, आणि तास पाहायला आलेल्या वरिष्ठांनी चांगला शेरा लिहिला. पुढच्या आठवड्यात मी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवायला दिले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी २/५ असे उत्तर लिहिले होते. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. मागाहून विचार केल्यावर कारण लक्षात आले. मुलांचे सगळे लक्ष पट्टी सरळ कापली जाते की नाही याकडे होते. सहा समान भाग का करायचे, हा प्रश्न बहुतेकांपुढे उभाच राहिला नव्हता; ज्या गटात तो उभा राहिला तिथे एकीने तो सोडवला आणि बाकी तिघांनी तिचे पाहून उतरवले.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर १/२ आणि २/५ शेजारी-शेजारी लिहिले आणि यांतला मोठा कोणता एवढेच विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग मिळवून कमी कसं झालं?" आमचा तो धडा खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला. प्रश्न मुलाचाच होता, हे खरे. पण तो पडावा म्हणून त्या दोन संख्या कोणीतरी शेजारी आणून ठेवाव्या लागल्या, आणि नेमक्या कोणत्या ठेवायच्या हे जाणण्याचा मुलांना काहीच मार्ग नव्हता. ते काम शिक्षकाचे.

या प्रसंगाकडे ज्ञानरचनावादाचे अपयश म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. उलट २/५ हे उत्तरच त्या सिद्धांताचा उत्तम पुरावा आहे. ते कोणी शिकवलेले नव्हते. पूर्ण संख्यांची बेरीज करताना जे नेहमी बरोबर येत गेले, त्यातून मुलांनी स्वतः एक नियम बांधला आणि तो अपूर्णांकांना लावला. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आयुष्यभर जे दाखवले ते हेच, की मूल नवी गोष्ट आधी आपल्या जुन्या चौकटीत बसवू पाहते आणि ती बसत नाही असे जाणवले तरच चौकट बदलते. ही रचना अखंड चालू असते. गटात बसल्यावरच ती होते आणि व्याख्यान ऐकताना थांबते, असे नाही. निमूट ऐकणारे मूलही आपल्या पूर्वज्ञानाच्या आधारे काहीतरी रचतच असते, आणि अनेकदा आपण सांगितले त्याहून वेगळेच. ८ + ४ = ☐ + ५ या चौकटीत काय लिहाल असे विचारून पाहा. पुष्कळ मुले १२ लिहितात, काही १७ लिहितात. वर्षानुवर्षे बेरजांच्या रांगा सोडवताना त्यांनी बरोबरच्या चिन्हाचा 'आता उत्तर लिहा' असा अर्थ लावून घेतलेला असतो. दोन्ही बाजू सारख्या असणे हा अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. तेव्हा घोकंपट्टीतूनही मूल ज्ञान रचते आणि शोधातूनही. त्याने काय रचले आहे ते शिक्षकाला ठाऊक आहे का, हे तपासायला हवे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑझुबेल यांनी १९६८ मध्ये शिकण्यावर प्रभाव टाकणाऱ्या सर्व घटकांत शिकणाऱ्याला आधीपासून काय येते याला पहिले स्थान दिले, ते याच अर्थाने.

मुलाची विचारशक्ती टप्प्याटप्प्याने वाढते असे सांगणाऱ्या पियाजे यांच्या अवस्थांचेही आपण वेळापत्रक करून टाकले आहे. दोन, सात, अकरा ही वये प्रशिक्षणात पाठ करून घेतली जातात आणि मग 'या वयात हे कळणारच नाही' असे म्हणून मुलांपासून पुष्कळ गोष्टी दूर ठेवल्या जातात. पियाजे यांच्या एका प्रसिद्ध प्रयोगात सारख्या संख्येच्या वस्तूंच्या दोन ओळी मांडून त्यांतली एक लांबवली, की लहान मूल लांब ओळीत जास्त वस्तू आहेत असे सांगते. जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये हाच प्रयोग जरा बदलून केला. ओळ प्रयोगकर्त्याने हलवण्याऐवजी एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाने येऊन ती विस्कटली. तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी अधिक मुलांनी दोन्ही ओळी सारख्याच आहेत असे बरोबर सांगितले. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी बदलले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे आता उत्तरही बदलायला हवे, असा तर्क मूल करत असावे. वर्गात हे रोज घडते. "नक्की?" असे बाईंनी विचारले, की बरोबर उत्तर देणारे मूलही ते लगेच बदलते.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांच्या वाट्याला वेगळा गैरसमज आला आहे. मुलाला एकट्याने जमते ते आणि जाणत्याच्या मदतीने जमते ते, यांमधला पट्टा त्यांनी शिकवण्याची खरी जागा मानली. या विचाराशी आज जोडला जाणारा 'आधार' हा शब्द मात्र त्यांचा नाही. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या १९७६ च्या निबंधात त्यासाठीचा 'स्कॅफोल्डिंग' हा इंग्रजी शब्द आला आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ इमारतीला बांधतात ती परांची असा आहे. 'आधार' म्हटले की डोळ्यांपुढे काठी येते, जी सोडता येत नाही. परांची भिंत उभी राहीपर्यंतच असते, भिंतीच्या उंचीप्रमाणे वर सरकते आणि काम झाले की काढली जाते. वर्गात आपण एक तर ती बांधतच नाही आणि त्याला स्वयंशोध म्हणतो, किंवा बांधलेली कधी काढत नाही आणि त्याला मार्गदर्शन म्हणतो. प्रश्नाच्या शेजारी कायमची छापलेली सूचना, शब्दोदाहरणात आधीच अधोरेखित केलेले शब्द, निबंधाचे तयार मुद्दे ही सगळी न उतरवलेली परांचीच आहे.

आता सांगावे की शोधू द्यावे, या मूळ वादाकडे येते. माणूस एका वेळी मनात फारच थोड्या नव्या गोष्टी धरू शकतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा सुमारे सात सांगितली होती; नंतरच्या संशोधनात ती चारच्या आसपास आली. ज्या मुलाला सममूल्य अपूर्णांक अजून सहज करता येत नाहीत, लसावि काढताना पाढे आठवावे लागतात आणि त्यातच उदाहरणाची भाषाही उलगडायची आहे, त्याच्या मनात नवा नियम शोधायला जागाच उरत नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या संदर्भात दाखवले, की नवशिक्या विद्यार्थ्यांना तितकीच उदाहरणे स्वतः सोडवायला लावण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर ते कमी वेळात आणि कमी चुका करत शिकतात. पण या संशोधनाची दुसरी बाजू त्याचा हवाला देणारे सहसा सांगत नाहीत. विद्यार्थी विषयात मुरला की हाच फायदा नाहीसा होतो, कधी उलटाही होतो. ज्याला येते त्याच्यापुढे पायरी-पायरीने सोडवलेले उदाहरण ठेवणे म्हणजे त्याच्या वाटेत उभे राहणे.

म्हणून 'सांगावे की शोधू द्यावे' हा प्रश्न 'कोणाला आणि कोणत्या टप्प्यावर' हे विचारल्यावाचून सुटत नाही. माझ्या वर्गात आता अपूर्णांकांची सुरुवात मी स्पष्ट सांगून करते. दोन उदाहरणे पूर्ण सोडवून दाखवते आणि प्रत्येक पायरीला 'असे का केले' हे मुलांकडून वदवून घेते. तिसऱ्यातली शेवटची पायरी त्यांच्यावर सोडते, चौथ्यातल्या शेवटच्या दोन. शोधाचा तास चार-पाच दिवसांनी येतो, आणि त्यात ज्यांची बेरीज बरोबर १ येते अशा, अंश १ असलेल्या तीन वेगवेगळ्या अपूर्णांकांचा शोध घ्यायचा असतो. त्या वेळी मुलांच्या हाती शोधण्याची साधने आलेली असतात. मी खरोखर गप्प बसते आणि तास खरोखर त्यांचा होतो.

वर्तनवादाबद्दल थोडेच लिहिते, कारण त्याला नावे ठेवणे फार सोपे झाले आहे. वर्तनवादाचे प्रमुख पुरस्कर्ते, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. सगळी मुले एकाच वेगाने हाकली जात आहेत आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे त्यांना फार उशिरा कळते आहे, हे त्यांच्या नजरेला आले. त्यांनी त्यावर उपाय म्हणून काढलेली शिकवणारी यंत्रे मागे पडली, पण ते दोन आक्षेप आजही जसेच्या तसे लागू पडतात. पाढे तोंडपाठ असावेत असे मला वाटते, कारण ते पाठ असले की मन वरच्या विचाराला मोकळे राहते. बक्षिसांच्या बाबतीत मात्र मी सावध झाले आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या वयाच्या ज्या मुलांना 'चित्र काढा, बक्षीस मिळेल' असे आधी सांगितले होते, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले, त्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. वाचनाची गोडी लागलेल्या मुलाला पुस्तकामागे एक चांदणी देण्यापूर्वी हे आठवावे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती तास पाहून शिक्षकांचे मूल्यमापन करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे : तासाला जे दिसते ते शिकणे नव्हे. विसरण्याचा वेग मोजण्याचे काम हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून सुरू केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे जी पद्धत आज चांगली दिसते ती आठवड्याने मागे पडू शकते. एकाच प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवली की तास झकास पार पडतो, कारण कोणती रीत लावायची हा प्रश्नच मुलाला पडत नाही. तेच प्रकार मिसळून दिले तर मुले अडखळतात, कुरकुरतात, वह्यांत खाडाखोड होते. पण रीत निवडण्याचा सराव त्याच अडखळण्यात होत असतो. माझ्या तासाची पहिली सात-आठ मिनिटे आता मागचे आठवण्यासाठी राखलेली असतात. कालचा एक प्रश्न, गेल्या आठवड्यातला एक, गेल्या महिन्यातला एक. वह्या बंद, गुण नाहीत, उत्तर लगेच तपासायचे. पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी 'मागील भागावर अनावश्यक वेळ' असा शेरा मारला होता. त्यांच्यापुढे एकच तास होता, त्यामुळे त्यांचाही फार दोष नाही.

मूल्यमापनाबद्दल आपल्या एका लेखकांनी 'परीक्षा कमी करा' असे सुचवले आहे. मी म्हणेन, गुण कमी करा, विचारणे वाढवा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी कित्येक वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे आढळले. ही वाट पाहणे तीन सेकंदांपर्यंत नेले, की उत्तरे लांब आणि सकारण येऊ लागली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटते. चाळीस चेहऱ्यांसमोर उभे राहून ते काढून पाहावेत. मनातल्या मनात अंक मोजल्याशिवाय मला अजूनही जमत नाही. गुणांविषयी रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास मोलाचा आहे. ज्या मुलांना कामावर केवळ शेरा मिळाला, त्यांची कामगिरी आणि गोडी वाढली. शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांना शेऱ्याचा लाभ झाला नाही. मूल गुण पाहते, शेजाऱ्याचे गुण पाहते आणि वही मिटते. आठवड्याच्या वह्यांवर गुण देणे मी बंद केले, तेव्हा सुरुवातीला पालकांच्या चिठ्ठ्या आल्या. 'तिसऱ्या ओळीत छेद का बदलला ते एका वाक्यात लिही' असा शेरा असेल, तर मुलाला पुढे काही करावे लागते; '१० पैकी ६' वाचून काहीच करावे लागत नाही.

जाता जाता, प्रशिक्षणवर्गांत अजूनही दाखवल्या जाणाऱ्या दोन गोष्टींबद्दल. 'वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के' असा आकड्यांचा शंकू (शंकूच्या आकाराची आकृती) अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो. डेल यांनी १९४६ मध्ये शंकू काढला होता हे खरे, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कोणीतरी चिकटवली. इतके गोल आकडे पाहूनच गणिताच्या शिक्षकाला शंका यायला हवी होती. दुसरी गोष्ट, 'काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी' ही. हॅरोल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मुलाच्या अशा 'शैली'प्रमाणे शिकवल्याने ते अधिक शिकते याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. आकृती दाखवून, बोलून आणि करून शिकवणे चांगलेच आहे, पण ते सर्वांसाठी. भूमितीला आकृती लागते ती विषयाच्या गरजेमुळे. एखाद्या मुलाला 'तू कानांनी शिकणारा' असे सांगून ठेवले, की आकृती न वाचण्याला त्याला एक प्रतिष्ठित कारण मिळते.

या साऱ्याचा रोजच्या कामाशी संबंध पाठटाचणाच्या नमुन्यातून येतो. त्यात 'अध्यापन पद्धती' असा एक रकाना असतो आणि त्यात एक नाव लिहावे लागते. मी तिथे 'ज्ञानरचनावादी' लिहिले काय आणि 'प्रात्यक्षिक' लिहिले काय, वाचणाऱ्याला माझ्या वर्गाविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी 'या घटकात मुले कोणती चूक करण्याची शक्यता आहे आणि ती कशी उघड करणार' असा रकाना असता, तर तो भरायला मला अर्धा तास लागला असता, आणि त्या अर्ध्या तासात तासाची तयारीही झाली असती. नवीन शिक्षकांना तर त्याचा अधिकच उपयोग होईल, कारण कोणत्या घटकात मुले कुठे घसरतात हे ज्ञान आज फक्त जुन्या शिक्षकांच्या डोक्यात असते आणि त्यांच्याबरोबर निवृत्त होते.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या पानावर पद्धतींची ओळख करून देणारे लेख पुष्कळ झाले. यापुढे निरनिराळ्या विषयांच्या शिक्षकांकडून मुलांच्या नेहमीच्या चुका मागवाव्यात. चूक जशीच्या तशी, मुलाचे नाव न देता. ती करताना मुलाने काय विचार केला होता. आणि कोणता प्रश्न विचारल्यावर किंवा काय सांगितल्यावर ती सुटली, किंवा सुटलीच नाही. विज्ञानाच्या शिक्षकांकडे वजन आणि वस्तुमान असेल, भाषेच्या शिक्षकांकडे ऱ्हस्व-दीर्घ असेल. गणिताच्या अशा चुकांची माझी एक जुनी वही आहे. तिच्यातले पहिले पान, ०.३ पेक्षा ०.२५ मोठे मानणाऱ्या मुलांचे, या पत्रासोबत पाठवत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक गणित शिक्षिका